लाइनच्या पलीकडचा म्हातारा

सैन्यात हुकूम वरून येतो आणि खाली जातो. मधे उभ्या असलेल्या माणसाने वर बघून 'होईल, सर' म्हणायचं आणि खाली बघून 'चला' म्हणायचं. १९९९च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या युद्धात, द्रासच्या बाजूला मी असाच मधे उभा होतो. तोफखान्याच्या एका फील्ड रेजिमेंटमध्ये बॅटरी कमांडर, हुद्दा मेजर, हाताखाली १०५ मिलिमीटरच्या सहा तोफा. पेपरात नाव झालं ते बोफोर्सवाल्यांचं, आणि ते रास्तच होतं. पण आमच्या या लहान तोफांच्या नळ्याही त्या दिवसांत फारशा थंड पडल्या नाहीत. 'ऑपरेशन विजय'मध्ये सगळ्या तोफखान्याने मिळून अडीच लाखांहून जास्त गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं टाकली, हे आता सगळीकडे छापून आलेलं आहे. मला लिहायचंय ते वेगळं. त्या काळात मी स्वतः कशाच्या आधाराने टिकलो, ते कुठल्याही वॉर डायरीत नाही.

बॅटरी कमांडर आपल्या तोफांजवळ नसतो, हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं. तोफा मागे, रस्त्याच्या कडेला नाहीतर नाल्याच्या आडोशाला. तिथलं सगळं गन पोझिशन ऑफिसर बघतो. बॅटरी कमांडर असतो पायदळाच्या बटालियनच्या सीओजवळ, म्हणजे कमांडिंग ऑफिसरजवळ, आणि त्याचे ओपी (निरीक्षण चौकीचे) ऑफिसर, म्हणजे पंचविशीच्या आतबाहेरची पोरं, रेडिओ ऑपरेटरला घेऊन पायदळाच्या कंपन्यांबरोबर वर चढतात. त्यांना दिसतं, ते सांगतात, मग तोफा बोलतात. सीओ नकाशावर बोट ठेवून विचारतो, "गनरसाहेब, इथे फायर मिळेल का? किती जवळ?" त्याचं उत्तर माझ्या तोंडून निघायचं. त्या उत्तरावर विसंबून माणसं चालत पुढे जायची.

मैदानात हे उत्तर द्यायला तितकंसं अवघड नाही. द्रास गावच दहा हजार फुटांच्या वर, आणि आमची बरीच लक्ष्यं पंधरा-सोळा हजारांवर. हवा विरळ, गोळ्याला अडवणारं कमी, त्यामुळे तो कोष्टकात लिहिलेल्या पल्ल्याच्या पुढे जातो. त्याच्या दुरुस्त्या असतात, हवामानाचा संदेशही येतो, पण खालची हवा आणि शिखरावरचा वारा यांचं एकमेकांशी पटेलच असं नाही. त्यात लक्ष्य म्हणजे दगडांची अरुंद धार. गोळा पन्नास मीटर जास्त गेला की पलीकडच्या दरीत फुटतो, ओपीला धूरसुद्धा दिसत नाही. पन्नास मीटर कमी पडला की आपली माणसं चढत असतात त्या उतारावर. आणखी एक गोष्ट तोफखान्याबाहेर फारशी कुणाला ठाऊक नसते. तोफेचा गोळा डावी-उजवीकडे फार चुकत नाही, तो पुढे-मागे जास्त चुकतो. म्हणून हल्ला करणाऱ्या तुकडीच्या चालीला आडवा, बाजूने येणारा फायर मिळाला तर सोनं. तोच त्यांच्या पाठीमागून, डोक्यावरून यायला लागला की आखूड पडलेला प्रत्येक गोळा त्यांच्या वाट्याला. द्रासला तोफा लावायला सपाट जागा म्हणजे श्रीनगर-लेह रस्त्याच्या अंगाची चिंचोळी पट्टी, आणि त्या रस्त्यावर वरून शत्रूची नजर. बाजू निवडून घेण्याची चैन नव्हती.

पहिले काही आठवडे मी कामातच बुडालेला होतो. धीर वगैरे गोष्टींचा विचार करायला सवड नसते, आणि ते बरंच असतं. १३ जूनला तोलोलिंग हाती आलं तेव्हा सगळ्या खोऱ्यात जीव आला. त्याच सुमारास आमच्या एका ओपी पार्टीवर मॉर्टरचा मारा झाला आणि माझा रेडिओ ऑपरेटर गेला.

तोवर मी खूप काही पाहिलेलं होतं, पण हा माझा माणूस होता. त्याला त्या पार्टीबरोबर पाठवण्याची यादी माझ्या सहीची होती. दुसऱ्या दिवशी बॅटरीसमोर उभं राहून जे बोलायचं ते बोललो, आवाज सरळ ठेवून. सुभेदारसाहेब, वयाने माझ्यापेक्षा मोठे, माझ्या तोंडाकडे बघत होते. ते बघतात ते काळजीने, पण त्याबरोबर अंदाजही घेत असतात, साहेब टिकेल ना? खाली कुणाजवळ काही बोलायची सोय नाही. वर बोलावं, तर वरच्या माणसाच्या डोक्यावर माझ्यासारख्या दहा बॅटऱ्या. तिकडून फोन आला तो 'शाबाश, देश तुमच्याकडे बघतोय' असा. सांगणाऱ्याच्या मनात खोट नव्हती. पण देश आपल्याकडे बघतोय हे ऐकून खांदे हलके होत नाहीत, हे ज्याने ऐकलंय त्याला ठाऊक. त्या दिवसांत देशभरातून शाळकरी मुलांची पत्रं पोत्यांनी येत होती, 'प्रिय जवान काका' अशी. जवानांनी ती संगरच्या, म्हणजे रचलेल्या आडोशाच्या, दगडांत खोचून ठेवली होती. मीही वाचायचो, डोळे भरून यायचे. मात्र ती पत्रं ज्याला लिहिलेली होती तो घाबरत नसलेला काका होता. मला कुणीतरी असं हवं होतं ज्याला मी तो काका नाही हे माहीत आहे.

तसा एक माणूस त्याच खोऱ्यात होता. एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, आम्ही एका स्क्वाड्रनचे. अठराव्या वर्षीच त्याचे केस पिकायला लागले होते म्हणून त्याला सगळे 'म्हातारा' म्हणायचे. इथेही तेच म्हणतो, खरं नाव छापलेलं त्याला खपणार नाही. खडकवासल्याला सीनियरांच्या कृपेने रात्री-अपरात्री पाठीवर पिठ्ठू बांधून सिंहगड चढायची वेळ आली, की आम्ही दोघं एकमेकांना ढकलत, शिव्या देत वर पोचायचो. पुढे तो पायदळात गेला, मी तोफखान्यात. काश्मीर खोऱ्यातून ज्या पलटणी घाईघाईने द्रासला आणल्या त्यांतल्या एकीत तो कंपनी कमांडर होता. त्याचा तळ माझ्यापासून फार लांब नव्हता, पण भेट होण्याची शक्यता नव्हती. टेलिफोनची लाइन होती, ती गोळाबारीत तुटायची, आणि सिग्नलचे लाइनमन तिथेच रांगत जाऊन ती जोडायचे. त्या लाइनमन लोकांबद्दल कुणीतरी स्वतंत्र लिहायला हवं.

त्या रात्री त्याचा फोन आला. त्याला बातमी कळलेली होती, पण त्याने ती काढली नाही.

"काय करतोयस?"

"पत्र लिहितोय." कुणाच्या घरी ते सांगितलं.

थोडा वेळ नुसती खरखर. मग म्हणाला, "वाच."

मी वाचलं. कंदिलाजवळ बसून दोनदा लिहून काढलेलं, चांगल्या हिंदीतलं पत्र होतं ते.

"शौर्य काढ. बलिदान काढ. ते सरकार लिहिणारच आहे. पोरगा कसा होता ते लिही. आईला पोराची खबर हवी असते."

मग मी लिहिलं, की तो रेडिओ सेटच्या बॅटऱ्या थंडीने मरू नयेत म्हणून त्या रात्रभर स्वतःच्या जाकिटात, छातीशी घेऊन झोपायचा, आणि सकाळी आमचा सेट सगळ्यात आधी बोलायचा. बाकीचंही एकेक आठवत गेलं. लिहिताना पहिल्यांदा रडलो. म्हातारा लाइनवर नव्हता, त्याने 'लिहून झालं की झोप' म्हणून फोन केव्हाच ठेवला होता.

यात उत्तेजन कुठे आहे, असं कुणी विचारेल. त्याने मला 'खंबीर राहा' म्हटलं नाही, 'तुझी चूक नाही' असंही म्हटलं नाही. अडलेलं काम पुढे सरकवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादी करायला बसलो, कोण कुठल्या पार्टीबरोबर जाणार त्याची, आणि सही करताना हात थांबला नाही.

दुसरा मित्र सैन्यातला नव्हता. शाळेपासूनचा, पुढे सर्जन झालेला. त्याची पत्रं सैन्याच्या टपालाच्या, ५६ एपीओच्या पत्त्यावर यायची, इनलँडवर मुंगीच्या पायाएवढं अक्षर, कडेने उभ्या ओळीसुद्धा भरलेल्या. एरवी त्या पत्रांत राजकारण आणि क्रिकेट असायचं. ८ जूनला मँचेस्टरला वर्ल्ड कपमध्ये आपण पाकिस्तानला हरवलं त्याचं षटकवार वर्णन मला पंधरा दिवसांनी मिळालं, तेव्हा आम्हाला निकाल ठाऊक होता तरी बंकरमध्ये मोठ्याने वाचून झालं. ऑपरेटर गेल्याचं मी त्याला आडून-आडून लिहिलं होतं. त्याच्या उत्तरात सांत्वनाचं एक वाक्य नव्हतं. त्याने लिहिलं होतं ते त्याच्या टेबलावर पहिला पेशंट दगावला त्याबद्दल. त्या रात्री तो हॉस्पिटलच्या जिन्यात बसून राहिला होता, नोकरी सोडायचं ठरवून. सकाळी वॉर्डमध्ये दिवसाच्या ऑपरेशनची यादी लागली होती, त्यात त्याचं नाव होतं. तो लिहितो, मला कुणी माफ केलं म्हणून मी हात धुवायला गेलो नाही, यादीतला पुढचा माणूस उपाशीपोटी वाट बघत होता म्हणून गेलो. ही गोष्ट त्याने मला त्याआधी इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. ते पत्र मी नकाशाच्या केसमध्ये ठेवलं.

जूनचा शेवट जवळ आला तसं नवं काम पुढे आलं. आमच्या पट्ट्यातल्या एका धारेवर चढाई म्हाताऱ्याची कंपनी करणार होती, आणि जवळून द्यायचा फायर माझ्या बॅटरीच्या वाट्याला आला. वटपौर्णिमेच्या आसपासचे दिवस. घरी वडाला फेऱ्या घालायची तयारी चाललेली असणार, आणि इथे आम्ही चांदण्याला शिव्या घालत होतो, कारण उघड्या कातळावर चढणाऱ्याला उजेड नको असतो. योजनेच्या बैठकीत मी नकाशावर तोफांपासून लक्ष्यापर्यंत रेघ ओढली. रेघ बरोबर त्याच्या चढाईच्या वाटेवरून गेली. डोक्यावरून फायर.

त्यांच्या सीओने विचारलं, "किती जवळ आणू शकाल?"

मी उत्तर द्यायला वेळ घेतला. नियमाने सांगता येण्यासारखं अंतर होतं, ते सांगितलं तर मला कुणी बोल लावला नसता. पण तेवढ्या लांबून तोफा थांबल्या, की उरलेलं अंतर चढायला पायदळाला जो वेळ लागतो, त्या वेळात वरचा माणूस डोकं वर काढतो आणि मशिनगनवर बसतो. द्रासमध्ये तोवर हे सगळ्यांना रक्ताने कळलेलं होतं. मी म्हणालो, संध्याकाळपर्यंत सांगतो.

संध्याकाळच्या आत म्हाताऱ्याचाच फोन.

"उत्तर का दिलं नाहीस?"

"तुझ्या डोक्यावरून जाणार आहे सगळं."

"नकाशा मलाही वाचता येतो."

"आखूड पडला एखादा, तर..."

"तर तुझ्या सात पिढ्या उद्धरत वर जाईन. हे बघ, दुसरा कुणी असता तर मीच त्याला दोनशे मीटरवर थांब म्हटलं असतं. तू आहेस म्हणून शंभरापर्यंत थांबू नको म्हणतोय. माझ्या पोरांना मी सांगितलंय, मागून जो आवाज येईल तो आपल्या माणसाचा आहे."

एवढंच. पुढे त्याने हातमोजे जास्तीचे आहेत का विचारलं.

कौतुक पुष्कळ लोक करतात. इथे ज्याच्या डोक्यावर माझं गणित पडणार होतं तो माणूस स्वतःहून शंभर मीटर अलीकडे येत होता. या बोलण्याने माझी भीती गेली नाही, फक्त ती कामाला लागली. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी आम्ही जे केलं त्यातलं काहीच नवं नव्हतं, सगळं शिकवलेलंच होतं. सहा तोफांपैकी ज्यांचे गोळे सगळ्यात जवळजवळ पडत होते त्या तोफा जवळच्या फायरसाठी वेगळ्या काढल्या. त्यांना एकाच लॉटचा, म्हणजे एकाच खेपेत बनलेला, दारूगोळा, कारण दोन लॉट मिसळले की पल्ल्यात फरक पडतो. दिवसाउजेडी एकाच तोफेने, इतर गोळाबारीच्या गोंगाटात लपवून, त्या धारेवर रेंज बांधून घेतली. नळी थंड असताना पहिला गोळा आखूड पडायची शक्यता जास्त, म्हणून फायरआधी नळ्या गरम करायला दुसऱ्याच, लांबच्या लक्ष्यावर गोळे टाकायचे ठरवले. प्रत्येक तोफेच्या नंबर वनशी, म्हणजे तोफेच्या प्रमुखाशी, मी स्वतः टेलिफोनवर बोललो. त्यातला एक हवालदार म्हणाला, "साहेब, वर तुमचे दोस्त आहेत ना?" बॅटरीत गोष्ट पोचली होती. मी हो म्हणालो. पहिल्यांदाच वाटलं की खाली आपलं काहीतरी खरं सांगितलं तर बिघडत नाही.

रात्रीचं वर्णन करायला मला फारसं आवडत नाही, आणि लोकांना वाटतं तितकं त्यात वर्णन करण्यासारखं नसतंही. एक माणूस कानाला सेट लावून बसतो. ओपी ऑफिसर बोलतो ते आकडे: ऍड पन्नास, ड्रॉप पंचवीस. मधे धापा. त्या उंचीवर चढताना बोलणारा माणूस दोन शब्दांत तीनदा थांबतो, आणि प्रत्येक थांबण्यात ऐकणाऱ्याचा जीव वर-खाली होतो. फायर धारेच्या पुढून मागे नेत गेलो. एका टप्प्यावर मी ओपीला विचारलं, आपली माणसं किती जवळ? उत्तर येण्याऐवजी सेटवर दुसराच आवाज आला. म्हाताऱ्याने ओपीच्या हातातून हँडसेट घेतला होता, आणि तो फक्त म्हणाला, "चालू ठेव." रेडिओच्या शिस्तीत हे बसत नाही. मी चालू ठेवला. थोड्या वेळाने त्याच आवाजात "बस". तोफा थांबवल्या. त्यानंतरचा वेळ पायदळाचा असतो, गनरला त्यात काही करता येत नाही.

उजाडताना धार आपली झाली होती. त्याच्या कंपनीतले काही जण परत आले नाहीत. त्याला पोटरीत एक तुकडा लागला होता, तरी तो स्ट्रेचरवर बसायला तयार नव्हता, असं खाली आलेल्यांनी सांगितलं. ४ जुलैला टायगर हिल पडली, २६ जुलैला सगळं संपल्याचं जाहीर झालं. या युद्धात आपले ५२७ जण गेले. त्यांतला एक आकडा माझ्या बॅटरीचा.

नंतर तमिळनाडूतल्या वेलिंग्टनला स्टाफ कॉलेजमध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धाचा अभ्यास करताना उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल ग्रँटचा एक प्रसंग वाचनात आला आणि मी पुस्तक मिटून बाहेर फिरायला गेलो. एप्रिल १८६२मध्ये शायलोची लढाई झाली, दोन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून वीस हजारांवर मेले, जखमी झाले नाहीतर बेपत्ता. ग्रँट लढाई जिंकला, तरी वर्तमानपत्रांनी त्याला धुऊन काढलं. वरिष्ठ जनरल हॅलेक स्वतः येऊन सैन्याचा ताबा घेऊन बसला, आणि ग्रँटला नावापुरतं दुसऱ्या क्रमांकाचं पद देऊन बिनकामाचं ठेवलं. ग्रँटने सामान बांधलं. त्याच सैन्यातल्या जनरल शेर्मनला हे कळलं तसा तो घोड्यावरून त्याच्या तंबूत गेला. त्याने काय सांगितलं असेल? आदल्या वर्षी याच वर्तमानपत्रांनी शेर्मनला वेडा ठरवलं होतं आणि तो खचून बाजूला पडला होता. तेच त्याने ग्रँटला सांगितलं, की माझं बघ, एका लढाईने मी परत उभा राहिलो. तू गेलास तर युद्ध तुझ्यावाचून चालू राहील. राहिलास तर एखादा योग येईल. ग्रँट राहिला. पुढच्या वर्षी ४ जुलैला त्याने व्हिक्सबर्ग घेतलं. १८६४मध्ये तो सगळ्या सैन्याचा मुख्य झाला, तेव्हा शेर्मनने त्याला लिहिलं होतं, की मी कुठेही असलो तरी तू माझा विचार करत असशील, आणि मी अडचणीत सापडलो तर जिवंत असशील तोवर येशील, हे मला ठाऊक होतं.

मी वेलिंग्टनहून डॉक्टरला फोन केला आणि म्हटलं, तुझं ते जिन्यातलं पत्र शेर्मनच्या खात्यावर जमा झालंय. त्याला काही कळलं नाही. समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, मी तर तुला लिहायला दुसरं काही सुचेना म्हणून लिहिलं होतं.

म्हातारा आता खराच म्हातारा झालाय. आम्ही दोघंही निवृत्त. वर्षातून एकदा कोर्सचे सगळे भेटतो तेव्हा ठरलेला वाद होतो. त्याचं म्हणणं, पोटरीतला तो तुकडा माझ्या १०५चा होता. माझं म्हणणं, शत्रूच्या मॉर्टरचा. फील्ड हॉस्पिटलच्या सर्जनने तो काढून टाकला, कुणी जपून ठेवला नाही, त्यामुळे निकाल लागायचा प्रश्न नाही. डॉक्टरला पंच नेमलं तर त्याने जखमेचा व्रण बघून अंग काढून घेतलं. मागच्या खेपेला मी कागद घेऊन बसलो, त्या रात्रीचे पल्ले, वारा, फायर थांबवल्याची वेळ असं सगळं मांडून दाखवलं. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गणित बरोबर आहे रे. पण तुकडा तुझाच होता. म्हणून तर इतका वरवर लागला."

मी अजून कबूल केलेलं नाही.